नवीन एरिया, नवीन कंपॅनियन: पहिल्या काही आठवड्यांत नक्की काय करायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. हैदराबादला चर्चच्या मिशनचे पहिले काही महिने मस्त गेले, मग ट्रान्सफर आला, आता राजमुंद्री. कंपॅनियनची, म्हणजे मिशनमधल्या जोडीदाराची, मातृभाषाच तेलुगू, लोकांच्या घरी तो खळखळून हसतो, गप्पा मारतो आणि रस्त्यावर आलात की एकदम गप्प. तुला तेलुगूचे चार शब्द येतात, आणि रात्री पडल्यावर हैदराबादचेच लोक डोळ्यासमोर येतात. हे नॉर्मल आहे का आणि यात करायचं काय.

नॉर्मल आहे. मी आंध्र-तेलंगणातच मिशन केलंय, नवीन मुलांना ट्रेन केलंय, झोन लीडर म्हणून जोड्यांमधली भांडणं ऐकलीयत आणि आता कित्येक वर्षं आमच्या ब्रँचमधून, म्हणजे चर्चच्या छोट्या स्थानिक मंडळीतून, मिशनला निघालेल्या पोरांशी बोलतोय, तर हाच प्रश्न नाव-गाव बदलून सारखा येतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लॅटर-डे सेंट्स चर्चमधे, ज्याला लोक मॉर्मन म्हणून ओळखतात, मुलं 18 पूर्ण झाली की 2 वर्षांसाठी मिशनला जाऊ शकतात, मुलींचं मिशन दीड वर्षाचं. कुठे जायचं ते आपण ठरवत नाही. कायम जोडीने राहायचं, बाथरूम सोडून कुठेही एकट्याने जायचं नाही, जोडीदार कोण आणि एरिया कुठला ते मिशन प्रेसिडेंट ठरवतो आणि दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येतात, त्यात तुम्ही हलाल नाहीतर तुमचा कंपॅनियन हलेल नाहीतर दोघं तिथेच. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत नाहीत, एल्डर आणि पुढे आडनाव, मुली असतील तर सिस्टर. जोडीने पाठवायची रीत बायबलमधली आहे, मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू बारा जणांना दोघं-दोघं करून पाठवतो. आता त्या बारांमधे कोणाची जोडी कोणाशी लागली आणि त्यांचं आपसात जमलं का, हे तिथे लिहिलेलं नाही, मला मात्र कायम वाचायला आवडलं असतं.

आता मुद्द्याचं. तुझा कंपॅनियन गप्प आहे त्याचं कारण बहुतेक तू नाहीयेस.

बघ, ट्रान्सफरच्या दिवशी सगळ्यांची माया बॅग घेऊन आलेल्यावर असते. स्टेशनवर घ्यायला येतात, जेवलास का विचारतात, एखादी अक्का डबा पाठवते. जो तिथेच राहिला त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. त्याचा आधीचा साथीदार त्याच सकाळी गाडीत बसून गेलेला असतो. ज्याच्याबरोबर तीन-चार महिने एका खोलीत काढले, रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केली, ज्याचं घोरणं पण सवयीचं झालं, तो गेला आणि त्याच पलंगावर आता तू आलायस. तू नवीन म्हणून तुझी अडचण सगळ्यांना दिसते, तो जुना म्हणून तो 'सेटल' आहे असं सगळे धरून चालतात. त्यात एरियाचं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात, कोणाचा पत्ता कुठे, कोणाच्या नवऱ्याला आपण आलेलं आवडत नाही, कोणत्या गल्लीत कुत्री मागे लागतात, आणि वर दिवसभर तुझ्यासाठी भाषांतर. असं सहा-सात तास दोन भाषांत बोलून बघ एकदा. घराबाहेर पडल्यावर तो गप्प होतो कारण तेवढीच दहा मिनिटं त्याला कोणाशी बोलावं लागत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात दोस्ती करायच्या मागे लागू नकोस. हे ऐकायला विचित्र वाटेल पण मी सगळ्यांना हेच सांगतो. दोस्ती झाली तर उत्तम, नाही झाली तरी एरिया चालतो, पण घर लागलं नाही तर काहीच चालत नाही. घर लागणं म्हणजे बाथरूमला आधी कोण जाणार, पाण्याचा कॅन वर कोण आणणार, भात किती टाकायचा, खरकटी भांडी त्याच रात्री घासायची की सकाळी, फॅन पाचवर की तीनवर, अलार्म कोणाचा आणि तो तीनदा स्नूझ केलेला चालणार आहे का. मी जेवढी भांडणं मिटवली त्यातली फार थोडी धर्माच्या किंवा कामाच्या गोष्टीवरून होती, बाकी सगळी कुकर, अंघोळ आणि पैसे. महिन्याच्या खर्चाचे पैसे दोघांना वेगवेगळे मिळतात, पण तांदूळ-तेल-गॅस एकत्र येतो, आणि एकजण विसाव्या तारखेलाच कडकी लावून बसला की दुसऱ्याने त्याला किती दिवस पोसायचं हा खरा प्रश्न होतो. हे पहिल्याच वीकली प्लॅनिंगला बसून बोलून टाका. रोमँटिक काही नाही त्यात, पंधरा मिनिटं लागतात.

आणि त्याला एक प्रश्न विचार, तुझा आधीचा कंपॅनियन कसा होता, तुमचा दिवस कसा लागायचा? मग फक्त ऐक. मधेच 'आम्ही हैदराबादला असं करायचो' अजिबात नको. पहिले दोन आठवडे हे वाक्य तोंडातून काढायचंच नाही असं ठरव. तुला वाटतं तू अनुभव सांगतोयस, त्याला ऐकू येतं की तुझा एरिया भंगार आहे.

वीकली प्लॅनिंगच्या शेवटी कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी असते, म्हणजे दोघांचं आपसात कसं चाललंय ते मोकळेपणाने बोलायचं, बहुतेक जोड्या ती 'ऑल गुड? ऑल गुड' म्हणून दहा सेकंदात उरकतात. ती नीट कर. त्याने या आठवड्यात केलेली एक चांगली गोष्ट सांग, पण ठोस, 'तू छान आहेस' टाइप नाही. मग एकच मागणी कर, आणि ती त्याच्या स्वभावाबद्दल नको, कामाबद्दल हवी. 'तू मला इग्नोर करतोस' म्हणालास की तो लगेच बचावात जाणार. त्याऐवजी 'काल त्या अण्णांच्या घरी तुम्ही बराच वेळ बोलत होतात, बाहेर आल्यावर मला दोन वाक्यात सांगत जाशील का काय झालं ते' असं म्हण. हे कोणालाही करता येतं. आणि मग त्याची मागणी विचार आणि ती काहीही असली, अगदी 'तू मोठ्याने चावतोस' असली, तरी त्यावर वाद घालू नकोस, करून टाक.

बोलकं करायचा प्रयत्न समोरासमोर बसून करू नकोस, हे मात्र मी अनुभवाने सांगतो. माझा एक कंपॅनियन नागालँडचा होता, दिवसभरात त्याची वाक्यं मोजता आली असती. समोर बसून 'काय झालं, काही प्रॉब्लेम आहे का' विचारलं की 'नथिंग एल्डर' एवढंच. एका पी-डेला, म्हणजे सोमवारच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं गच्चीवर कपडे धुवत होतो, पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी त्या हवेत दोन तासांत काळ्या होतात, तर एकाच बादलीत हात घालून दोघं ब्रशने कॉलरी घासतोय, कोणी कोणाकडे बघत नाहीये, आणि हा बाबा आपणहून सुरू झाला. गावात आता कापणी चालू असेल, भाऊ बाहेर नोकरीला, वडील एकटे, मागच्या फोनवर आवाज थकलेला वाटला. सगळे शर्ट दोरीवर पडेपर्यंत बोलत होता. नंतर पण तो फार बोलका झाला असं काही नाही, पण सोमवारी कपडे धुताना बोलायचं हे आमचं न ठरवता ठरून गेलं. हात कामात असले की काही मुलांना बोलणं सोपं जातं. लसूण सोल, इस्त्री कर, घाटापर्यंत चालत जा, पण शेजारी रहा आणि प्रश्नांचा भडिमार नको.

आता भाषा. हैदराबादला तू हिंदीवर तरलास, तिथे दखनी हिंदी रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळते आणि आपल्या मराठी कानाला ती परकी पण वाटत नाही. राजमुंद्रीत हिंदी संपते. म्हणजे तुझी पहिल्या एरियातली निम्मी कमाई इथे चालत नाही आणि तुला वाटतंय की तू आधी चांगला मिशनरी होतास आणि आता बिनकामाचा झालायस. तसं काही नाही, तुझ्या हातातलं एक हत्यार काढून घेतलंय इतकंच. चांगली गोष्ट ही की मराठी माणसाला तेलुगू लिपी पटकन येते कारण बाराखडी आणि क ख ग घ चा क्रम तोच, फक्त ए आणि ओ चे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लक्षात ठेवायचे. बसच्या पाट्या वाच, रविवारी गाण्याच्या पुस्तकात बोट ठेवून गा, अर्थ नाही कळला तरी चालेल, गाणं हळू असतं म्हणून डोळ्यांना अक्षर पकडायला वेळ मिळतो. प्रार्थन, विश्वासं, आत्म असे कितीतरी शब्द तुला आधीच अर्धे माहीत आहेत. आणि सगळ्यात भारी शिक्षक म्हणजे ब्रँचमधली सात-आठ वर्षांची पोरं, ती तुझ्या चुकांना हसतात पण दहादा परत म्हणून दाखवतात, मोठी माणसं तुझ्याशी दयाळूपणे इंग्लिश बोलून तुझं नुकसान करतात.

कंपॅनियनकडून एक ठरलेला तुकडा मागून घे. म्हणजे असं की प्रत्येक घरी सुरुवातीचं 'वंदनालु', 'बागुन्नारा' आणि सुरुवातीची प्रार्थना माझी, बाकी सगळं तुझं. तिकडच्या ख्रिस्ती घरांत वंदनालु म्हणूनच नमस्कार करतात आणि मोठ्यांच्या नावानंतर गारू लावलं नाही तर ते खटकतं. आठवडाभराने एक छोटी साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल दोन शब्द, तुझी, तीन वाक्यांची, पाठ करून. असं केलंस की दोन गोष्टी होतात, तू भिंतीला टेकून उभा राहिलेला पाहुणा राहत नाहीस आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं खरंच कमी होतं, आणि ओझं कमी झालं की गप्पपणा पण कमी होतो, हे बघशील तू.

एरियाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. एरिया मिशनऱ्यांचा नसतो, तिथल्या मेंबरांचा असतो, आपण भाडेकरू. आपल्याकडे भारतात रस्त्यात अनोळखी माणसाला गाठून धर्म सांगायला जायचं नसतं, काम ओळखीतून चालतं, कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी शेजारीण स्वतःहून बोलावते तेव्हा. लोकांना बाहेरून आलेल्या धर्मप्रचारकाबद्दल शंका असते आणि ती आहे हे धरूनच चालायचं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. त्यामुळे मेंबर तुला ओळखत नाहीत तोपर्यंत ॲपमधल्या एरिया बुकमधे, म्हणजे आधीच्या मिशनऱ्यांनी ठेवलेल्या नोंदीत, किती नावं आहेत याला अर्थ नाही. ती नोंद वाच जरूर, पण 'इंटरेस्टेड' लिहिलेला माणूस दीड वर्षापूर्वी गाव सोडून गेलेला असतो. पहिल्या रविवारी लवकर जा, खुर्च्या लावायला लाग, आणि ब्रँच प्रेसिडेंटला एकच विचार, तुम्हाला सध्या कोणाची काळजी वाटतेय? तो जी दोन-तीन नावं घेईल तिथे पहिल्या आठवड्यात जाऊन ये. उपदेश नको, बसून ये. कोणाच्या आईचं ऑपरेशन झालेलं असतं, कोणाचा मुलगा कॉलेज सोडून बसलेला असतो.

आणि चाल. ऑटो घेऊ नकोस पहिले काही दिवस, निदान संध्याकाळी. कोटिपल्ली बसस्टँड, देवी चौक, दानवाईपेटा, इन्नीसपेटा, वहीत हाताने नकाशा काढ. फोनवरच्या नकाशाने माणूस पोचतो पण त्याला गाव कळत नाही.

या गावाला बाहेरून आलेले मिशनरी नवीन नाहीत हेही माहीत असू दे. लुथरन लोक तिथे एकोणिसाव्या शतकापासून आहेत. फादर हायर म्हणून एक जर्मन-अमेरिकन मिशनरी होता, राजमुंद्रीचं मिशन दुसऱ्या चर्चच्या हाती जायची वेळ आली तेव्हा 1869 मधे हा पंच्याहत्तरी उलटलेला म्हातारा परत बोटीत बसून तिथे आला. म्हणून तिथे तुला 'ख्रिस्ती म्हणजे काय' असं कोणी विचारणार नाही, 'कुठलं चर्च?' विचारतील, आणि समोरचा पिढ्यानपिढ्या लुथरन किंवा बॅप्टिस्ट असेल तर त्याच्या आजोबांच्या श्रद्धेचा मान ठेवून बोलायचं. दुसऱ्या चर्चच्या पास्टरशी वचनांची कुस्ती खेळणारी जोडी मी पाहिलीय, त्यातून कोणाचं भलं झालेलं नाही.

आणि तू पुण्याचा आहेस म्हणून हे सांगतो. आपल्या चर्चचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी 1852 मधे मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात आला. इंग्रज लष्कराने त्याला छावणीत प्रचार करू दिला नाही. बराच काळ हा माणूस एकटाच होता, कंपॅनियन नाही, फोन नाही, पत्राला उत्तर यायला महिने. अमेरिकेहून निघालेले बाकीचे मिशनरी 'मॉन्सून' नावाच्या जहाजाने 1853 च्या एप्रिलमधे कलकत्त्याला पोचले, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. आंध्राचं म्हणशील तर 1978 मधे धर्मराजू नवरा-बायको सामोआहून मिशनरी म्हणून हैदराबादला आपल्याच नातेवाईकांकडे आले, त्यांना भाषा आणि माणसं दोन्ही फुकट मिळाली होती. आपल्या सगळ्यांची गत फिंडले आणि धर्मराजूंच्या मधे कुठेतरी असते. तुझ्याकडे न बोलणारा का होईना, एक माणूस आहे.

खाण्याचं पटकन सांगतो. चहा-कॉफी आपल्या चर्चमधे चालत नाही आणि आंध्रात दारात पाऊल टाकलं की चहा येतो. नुसतं नाही म्हणालास तर त्या माऊलीचा चेहरा पडतो. 'टी वद्दंडी, मज्जिगा इव्वंडी' पाठ कर, म्हणजे चहा नको, ताक द्या. ताक प्रत्येक घरात असतं, देणाऱ्याला समाधान आणि त्या उन्हात तुलाही बरं. तिखट झेपत नसेल तर पप्पूवर, म्हणजे वरणावर, भात मागून घे. पोळी-भाकरीची आठवण येणारच, पी-डेला स्वतः लाटा, कंपॅनियनला शिकव, त्याच्याकडून पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, शिक. राजमुंद्रीचं रोझ मिल्क प्रसिद्ध आहे, ते आपल्या नियमात पण बसतं, सोमवारी दोघांनी जाऊन प्या आणि कामाचा विषय काढू नका. नंतर पुष्कर घाटावर जा. त्र्यंबकेश्वराला जी गोदावरी आपण उडी मारून ओलांडू असं वाटतं ती इथे एवढी पसरलीय की 1974 चा तो पूल, खालून रेल्वे आणि वरून रस्ता, संपता संपत नाही. मला स्वतःला त्या गावात पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं वाटलं ते तिथे.

हैदराबादच्या लोकांची आठवण दाबून टाकू नकोस, पण तिला वेळ ठरवून दे. पी-डेला एखादा मेसेज, बास. रोज रात्री जुन्या एरियाशी चॅट करणारा एल्डर नव्या एरियात पोचलेलाच नसतो. आणि तुझ्या जागी तिथे जो आलाय त्याच्यासाठी पण ते बरं नाही, लोक त्याच्यासमोर तुझीच नावं घेत बसतात.

घरच्या फोनबद्दल माझं ठाम मत आहे. 2019 पासून दर आठवड्याला घरी फोन, व्हिडिओ कॉल चालतो, आमच्या वेळी ख्रिसमस आणि मदर्स डे एवढंच होतं. ही सोय चांगली आहे पण आईजवळ कंपॅनियनची तक्रार करू नकोस. तुमचं मंगळवारी मिटतं, ती माऊली पुढच्या सोमवारपर्यंत जीवाला घोर लावून बसते, मग मावशीला सांगते, मावशी ब्रँचमधे सांगते, आणि तुझ्या कंपॅनियनच्या आईपर्यंत काहीतरी तिसरंच पोचतं. आईला ताकाचं आणि रोझ मिल्कचं सांग. कंपॅनियनचं डिस्ट्रिक्ट लीडरला, म्हणजे जवळपासच्या जोड्यांकडे बघणाऱ्या मिशनरीला, सांग, एक्स्चेंज माग, एक दिवस दुसऱ्याबरोबर काम केलंस की डोकं मोकळं होतं आणि तुझा कंपॅनियन पण दुसऱ्या कोणाबरोबर सुटतो.

पण सगळंच 'जमवून घे' मधे बसत नाही, हेही स्पष्ट सांगतो. कंपॅनियन हात उचलत असेल, घाणेरडं बोलत असेल, तुला एकटं सोडून जात असेल किंवा असं काही करत असेल जे लपवायला तुला सांगतो, तर ते जमवून घ्यायचं नाही, त्याच दिवशी थेट मिशन प्रेसिडेंटला फोन. यात चुगली वगैरे काही नसतं. तसंच स्वतःकडे बघ. उदास वाटणं वेगळं आणि आठवडाभर झोप नाही, जेवण जात नाही, सकाळी उठून तोंड धुवायला पण जीव होत नाही हे वेगळं. चर्चची ताण ओळखायची पुस्तिका आहे ज्यात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे टप्पे दिलेत, ती दोघांनी मिळून वाचा आणि प्रामाणिकपणे सांगा आपण कुठल्या रंगात आहोत. नारिंगीच्या पुढे असशील तर ते प्रार्थनेने आणि जास्त काम करून दाबायचं नसतं, मिशनकडे काउन्सेलरची सोय करता येते, मागायची.

प्रेसिडेंटला दर आठवड्याला जे पत्र जातं त्यात पोरं 'ऑल इज वेल' लिहून मोकळी होतात आणि मग सहाव्या आठवड्यात रात्री अकराला फोन करून रडतात. तू या सोमवारीच दोन ओळी खऱ्या लिही, भाषा जड जातेय, कंपॅनियनशी अजून सूर लागलेला नाही, हे हे करून बघतोय. पुढच्या ट्रान्सफरला कोणाला कुठे हलवायचं हे ठरवताना त्याच्या हातात तुमची पत्रंच असतात.